कळंबोली ते चाकण : पाचर ओलांडून सुटलेल्या पोलादी कॉईलचे प्रकरण

कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एका गोदामातून चाकणच्या एका कारखान्याकडे निघालेल्या दहाचाकी ट्रकमध्ये पोलादी पत्र्याच्या दोन कॉईल, म्हणजे गुंडाळ्या, होत्या. पुढची ११ टनांची आणि मागची ७ टनांची. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, खालापूरचा टोलनाका येण्याआधी, पुढच्या गाडीने एकाएकी वेग कमी केला आणि ट्रकच्या चालकाला जोरात ब्रेक मारावा लागला. टक्कर टळली. मात्र त्याच क्षणी पुढची कॉईल लाकडी पाचरी ओलांडून हौद्यात पुढे घरंगळली आणि केबिनमागच्या लोखंडी फळीवर आदळली. फळी वाकून केबिनच्या पाठीला टेकली. चालक आणि त्याच्या शेजारी बसलेला क्लीनर दोघेही सुखरूप राहिले. केबिनमधल्या ज्या मागच्या बाकावर क्लीनर एरवी पाठ टेकतो, त्या बाकाची पाठ मात्र फळीबरोबर आत आली होती.

दुसऱ्या दिवशी वाहतूकदाराने गाडी आणि माल तपासण्यासाठी मला बोलावले. नंतर गोदाम आणि कारखाना या दोन्ही ठिकाणच्या लोकांशी बोलून जे चित्र उभे राहिले, ते येथे मांडतो आहे. संबंधितांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण येथे दिसलेली पद्धत एखाद्या गोदामापुरती किंवा एखाद्या चालकापुरती मर्यादित नाही.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे, की नेहमीच्या चौकशीत जे दोष शोधले जातात त्यांपैकी एकही येथे सापडत नाही. अशा दहाचाकी, म्हणजे तीन आसांच्या ट्रकला २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार एकूण २८.५ टन वजनाची परवानगी आहे आणि काट्याच्या पावतीवर या गाडीचे मालासह वजन २७.८ टन होते. टायर चांगले होते, ब्रेक नुकतेच तपासलेले होते, चालक अनुभवी होता, पुरेशी झोप झालेला होता आणि वेगमर्यादेच्या आत गाडी चालवत होता. त्याने ब्रेक वेळेवर आणि योग्य जोराने मारला म्हणूनच समोरची गाडी वाचली. सगळे नियमानुसार असूनही ११ टनांची वस्तू सुटते, तेव्हा चूक चालवण्यात शोधून हाती काही लागत नाही. ती गाडी गोदामाच्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच झालेली असते.

हौद्यात काय दिसले

दोन्ही कॉईल आडव्या डोळ्याने ठेवलेल्या होत्या, म्हणजे गुंडाळीच्या मधले आरपार भोक गाडीच्या डाव्या बाजूकडून उजवीकडे जात होते. अशा ठेवणीत कॉईल पुढे किंवा मागे घरंगळू शकते. ही ठेवण कोणी विचार करून ठरवलेली नव्हती. गोदामातली क्रेन सी-आकाराच्या हुकाने कॉईल उचलते, तो हुक ट्रकच्या बाजूने आत येतो आणि त्यामुळे डोळा आपोआप आडवा राहतो. चाकणच्या कारखान्यातली क्रेनही तशीच आहे. याचा अर्थ, कॉईल कोणत्या दिशेला सुटू शकेल हा सुरक्षेतला सर्वांत मोठा प्रश्न दोन्ही टोकांच्या क्रेननी आपल्या सोयीने सोडवून टाकला होता.

प्रत्येक कॉईलच्या पुढे दोन आणि मागे दोन लाकडी पाचरी होत्या. त्यांची उंची मी मोजली, ती ५ सेंटिमीटर भरली. पुढच्या दोन पाचरींपैकी एक रेषेरेषेने चिरलेली होती. दुसरी शाबूत होती, पण तिच्या वरच्या धारेवरचे लाकूड दाबून चकचकीत झाले होते. एखादी जड वस्तू धारेवर चढून पलीकडे उतरली की लाकडावर अशीच खूण उमटते. पाचरी हौद्याच्या तळाला ठोकलेल्या नव्हत्या आणि ठोकणे शक्यही नव्हते, कारण तळ लोखंडी पत्र्याचा होता. त्या नुसत्या सरकवून हातोड्याने घट्ट केलेल्या होत्या. पत्र्यावर तेलाचा पातळ थर होता. गंज चढू नये म्हणून अशा पत्र्याला तेल लावतात आणि ते पाझरून हौद्यात उतरते.

मागच्या कॉईलने पाचर ओलांडली नव्हती. तिच्या पुढच्या पाचरीच्या धारेवर मात्र तशीच ताजी, अर्धवट खूण होती. म्हणजे ती कॉईल उचलली जाऊन धारेवर आली होती आणि परत जागेवर बसली होती. ही खूण पुढे हिशेबात फार उपयोगी पडली.

प्रत्येक कॉईलवरून ५० मिलिमीटर रुंदीचे दोन नायलॉनी पट्टे आडवे टाकून रॅचेटने, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या दातेरी कळीने, ताणलेले होते. पुढच्या कॉईलवरचा एक पट्टा कॉईलच्या कडेवर कापला गेला होता. पत्र्याची कड उघडी असेल तर ती सुरीइतकीच धारदार असते आणि तिथे कोपऱ्याची पट्टी लावलेली नव्हती. दुसरा पट्टा पूर्ण शाबूत होता आणि सैल लोंबत होता. तपासणी करणाऱ्याचे लक्ष साहजिकच तुटलेल्या पट्ट्याकडे जाते, पण या प्रकरणात न तुटलेला पट्टा जास्त सांगतो. माल सुटून फळीवर जाऊन आदळला तरी ज्या पट्ट्यावर ओरखडासुद्धा आला नाही, त्याने माल कधी धरलेलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट. पट्ट्यांचे हुक हौद्याच्या कडेला खालून डकवलेल्या बारीक सळईच्या कड्यांत अडकवलेले होते. ही कडी ताडपत्रीची दोरी बांधण्यासाठी असतात. त्यांतली दोन ताणाने सरळ झाली होती.

जड माल जागचा हलत नाही, ही समजूत

गोदामातल्या मुकादमांना मी विचारले, की पाचरी एवढ्या बुटक्या का? त्यांनी अगदी मनापासून उत्तर दिले : “साहेब, अकरा टनांची वस्तू आहे. ती आपल्या वजनानेच बसलेली असते. हलका माल बांधावा लागतो.” चालकाचे मतही तेच होते. माल बांधण्याच्या कामात वर्षे घालवलेल्या माणसांचे हे मत आहे, त्यामुळे ते उडवून लावण्यासारखे नाही. ते कोठे चुकते हे नीट समजून घ्यायला हवे.

वस्तू जड असली की तिचे तळाशी घर्षण जास्त असते, हे खरे. पण गाडी थांबत असताना त्या वस्तूला पुढे नेणारे जडत्वही वजनाच्या त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही बाजूंना वजन सारखेच येते आणि हिशेबातून निघून जाते. एसटीत उभ्या असलेल्या प्रवाशांपैकी स्थूल आणि किडकिडीत दोघेही ब्रेक लागताच सारखेच पुढे जातात. फरक पडतो तो कोणी दांडी धरली होती यावर. लोखंडावर लोखंड, त्यात तेलाचा थर असेल तर घर्षण गुरुत्वाच्या ०.१ ते ०.२ पटीइतकाच धक्का पेलते. कोरडे लाकूड मध्ये असेल तर साधारण ०.३ पट, आणि त्यासाठीच बनवलेली रबरी मॅट असेल तर ०.६ पट. वस्तू १ टनाची असो की ११ टनांची, हे आकडे बदलत नाहीत. बदलतो तो सुटल्यावर होणारा आघात, आणि तो वजनाच्या पटीत वाढतो. म्हणून जड मालाला बांधणी कमी लागते असे नसून, बांधणी चुकली तर सावरायला वावच उरत नाही.

युरोपातील ईएन १२१९५-१ हे मानक आणि अमेरिकेचे केंद्रीय नियम दोन्ही पुढच्या दिशेला गुरुत्वाच्या ०.८ पट आणि मागच्या दिशेला ०.५ पट धक्का गृहीत धरून बांधणी करायला सांगतात. बाजूंसाठीही साधारण ०.५ पट धरतात. भरलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर जोराने थांबवला तर वेग घटण्याचा दर गुरुत्वाच्या ०.५ ते ०.६ पटीपर्यंत जातो. नियमांतला ०.८ चा आकडा त्याच्यावर थोडी राखीव जागा ठेवून घेतलेला आहे.

पाचरीची उंची

या प्रकरणाचा गाभा येथे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

११ टनांच्या कॉईलची रुंदी १२५० मिलिमीटर आणि डोळ्याचा व्यास ५०८ मिलिमीटर होता. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट धरली तर तिचा बाहेरचा व्यास १.३ मीटर येतो, आणि प्रत्यक्ष मापही तेवढेच भरले. आता अशा गोल वस्तूपुढे अडसर ठेवला आणि तिला पुढे ढकलले, तर ती अडसराच्या वरच्या धारेभोवती फिरून वर चढण्याचा प्रयत्न करते. किती जोराने ढकलल्यावर ती चढेल हे अडसराची उंची आणि वस्तूची त्रिज्या या दोनच गोष्टींवर ठरते. हा हिशेब शाळेतल्या भूमितीच्या पलीकडचा नाही. १.३ मीटर व्यासाच्या कॉईलसाठी ५ सेंटिमीटरची पाचर ०.४२ पटीपर्यंतच टिकते. उंची ७.५ सेंटिमीटर केली तर ०.५३, १० केली तर ०.६३. ०.८ पट धक्का पेलायचा असेल तर पाचर १४ ते १५ सेंटिमीटर उंच असावी लागते.

मागची ७ टनांची कॉईल व्यासाने लहान, सुमारे १.०८ मीटरची होती. तीच ५ सेंटिमीटरची पाचर तिला ०.४६ पटीपर्यंत धरते. मोठी कॉईल ओलांडून गेली आणि लहान कॉईल धारेवर चढून परत बसली, या दोन खुणा एकत्र ठेवल्या की त्या दिवशी ब्रेकचा जोर ०.४२ च्या वर आणि ०.४६ च्या आसपास होता असा अंदाज बांधता येतो. हा ब्रेक जोराचा खरा, पण गाडीच्या क्षमतेच्या टोकाचा नव्हे. आणखी थोडा जोर लागला असता तर मागची कॉईलही सुटली असती, आणि वाकलेल्या फळीकडे ११ टनांमागून ७ टन आले असते.

मुकादम आणि चालक दोघांनीही मांडलेला दुसरा मुद्दा असा होता, की याच पाचरींवर वर्षानुवर्षे माल जातो आहे आणि आजवर काही झाले नाही. तो मुद्दा खोटा नाही आणि वरच्या आकड्यांत त्याचे उत्तर आहे. रोजच्या चालवण्यात बहुतेक ब्रेक ०.२ ते ०.३ पटीच्या आत असतात. ०.४२ ची मर्यादा असलेली पाचर हे सगळे ब्रेक सहज पेलते आणि पेलताना कसलीही सूचना देत नाही. कॉईल थोडी सरकली, थोडी डगमगली, असे काही दिसत नाही. ०.४० पर्यंत ती जागची हलत नाही आणि ०.४५ ला ती केबिनवर असते. दोर असेल तर तो आधी ताणला जातो, तंतू उसवतात, माणूस सावध होतो. बुटकी पाचर तसे काहीच करत नाही. म्हणून या कामात “आजवर काही झाले नाही” या अनुभवावर विसंबता येत नाही. त्या अनुभवाने पाचरीची परीक्षा कधी घेतलेलीच नसते.

पट्टे आणि मोकळी जागा

कॉईलवरून आडवे टाकलेले पट्टे मालाला खाली दाबतात. हाताने ओढलेल्या रॅचेटने पट्ट्याच्या प्रत्येक बाजूला साधारण ३०० ते ४०० किलोचा ताण येतो, म्हणजे दोन पट्टे मिळून १,२०० ते १,६०० किलोचा दाब. ११ टनांच्या वस्तूवर हा दाब कायम राहिला असता तर पाचरीची मर्यादा ०.४२ वरून ०.४७ च्या आसपास गेली असती. पण तो राहत नाही. गाडी निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरमध्ये लाकूड दबते, पट्टा कडेवर बसतो आणि ताण उतरतो. पुढच्या दिशेला ०.४५ पटीने येणारा जोर सुमारे ५ टन असतो, त्याच्याशी या पट्ट्यांची दिशाच जुळत नाही. आडवा पट्टा गाडीच्या रुंदीत ओढतो आणि कॉईल लांबीत जाते.

अमेरिकेच्या नियमांत २,२६८ किलो म्हणजे ५,००० पौंड किंवा त्याहून जड धातूच्या कॉईलसाठी स्वतंत्र कलम आहे. आडव्या डोळ्याच्या कॉईलला घरंगळू न देणारा अडसर किंवा पाळणा, म्हणजे कॉईल जिच्यात बसते अशी चौकट, हवाच. शिवाय किमान एक बंधन डोळ्यातून जाऊन कॉईलला पुढे जाण्यापासून रोखणारे आणि किमान एक मागे जाण्यापासून रोखणारे असावे, आणि शक्य तेथे त्यांचा हौद्याशी होणारा कोन ४५ अंशांपेक्षा जास्त नसावा, असे ते कलम सांगते. आडव्या डोळ्याच्या कॉईलमधून साखळ्या तिरप्या नेऊन वरून पाहिल्यावर फुली दिसेल अशी बांधणी करायला तेथे स्पष्ट मनाई आहे. आपल्याकडे मात्र फुलीची बांधणी जास्त घट्ट मानली जाते. तिरप्या साखळीच्या ताणाचा बराचसा भाग बाजूंना जातो आणि जिथे गरज आहे त्या लांबीच्या दिशेला कमी उरतो, हे बांधताना डोळ्यांना जाणवत नाही.

आता मोकळ्या जागेविषयी. आसांवर वजन बरोबर पडावे म्हणून पुढची कॉईल फळीपासून सुमारे ६० सेंटिमीटर मागे ठेवली होती. वजनवाटपाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण पाचर ओलांडल्यावर कॉईलला हे अंतर धावायला मिळाले. ढोबळ हिशेबाने फळीवर आदळताना गाडीच्या तुलनेत तिचा वेग ताशी ६ ते ७ किलोमीटर असावा. माणसाच्या भरभर चालण्याइतका हा वेग आहे. पण ११ टनांची वस्तू त्या वेगाने येऊन १२ सेंटिमीटर वाकलेल्या फळीवर थांबली, याचा अर्थ फळीवर सरासरी १५ टनांच्या आसपास जोर आला. युरोपातील ईएन १२६४२ मानकात साध्या हौद्याच्या पुढच्या फळीकडून वहनक्षमतेच्या ४० टक्के आणि जास्तीत जास्त ५ टनांइतका जोर पेलण्याची अपेक्षा धरली आहे. या गाडीचा हौदा स्थानिक कारागिरांनी बांधलेला होता आणि त्याची फळी अशी कधी तपासलेली नव्हती. तिने जेवढे सोसले तेवढे पुष्कळ झाले.

बांधणीची जबाबदारी कोणाची

गाडी भरली जात असताना कोण कोठे होते, हे विचारत गेल्यावर पुढील गोष्टी कळल्या. क्रेनचालकाने कॉईल ठेवून हुक बाहेर काढला आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. माथाडी टोळीने पाचरी सरकवल्या आणि पट्टे टाकले. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांची नोंदणी, मजुरी आणि कल्याण यांची व्यवस्था लावून दिलेली आहे, पण कोणत्या मालाला कोणती बांधणी हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. जे लाकूड गोदामाने पुरवले त्याच्याच पाचरी त्यांनी लावल्या. चालक त्या वेळी कार्यालयाच्या खिडकीवर ई-वे बिल आणि गेटपाससाठी उभा होता. तो परत आला तेव्हा ताडपत्री अंथरून झाली होती. गोदामाच्या कारकुनाने बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, त्याची सही घेतली. तिथे छापलेले वाक्य “माल सुस्थितीत व व्यवस्थित भरलेला मिळाला” असे होते.

म्हणजे ज्यांनी बांधले ते गाडीबरोबर जाणार नव्हते, जो गाडीबरोबर जाणार होता त्याने बांधणी पाहिली नव्हती, आणि कागदावर जबाबदारी पाहू न शकलेल्या माणसावर गेली होती. चालकाने ताडपत्री काढून पाहायला हवे होते, असे गोदामाने तपासणीत सांगितले. मला ते न्याय्य वाटत नाही. त्याने ताडपत्री काढून “पाचर बुटकी आहे” असे म्हटले असते तरी दुसरी पाचर गोदामात उपलब्ध नव्हती, मागे गाड्यांची रांग होती, आणि माल नाकारण्याचा अधिकार त्याला वाहतूकदाराने कधी दिलेला नव्हता. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची सही घेऊन जबाबदारी ठरत नाही.

कायद्याचा धाक वजनापुरता आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, त्यामुळे वाहतूकदार काट्याची पावती जपून ठेवतो. हौद्याबाहेर आलेल्या मालालाही दंड आहे. या गाडीत मात्र वजन मर्यादेत होते, माल हौद्याच्या आत होता, ताडपत्री नीट होती, आणि रस्त्यावर कोणीही थांबवून पाहिले असते तरी गाडी निर्दोष ठरली असती. बांधणी मोजणारा काटा कोणत्याच नाक्यावर नाही.

काय बदलले

वाहतूकदाराने पुढच्या काळात केलेले बदल खर्चाने फार मोठे नव्हते. पहिला बदल पाळण्याचा. लोखंडी चौकटीत पक्के बसवलेले १५ सेंटिमीटर उंचीचे उतरते अडसर, पुढचा आणि मागचा एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेला, म्हणजे एकटा अडसर सरकू शकत नाही. कॉईल या दोन उतारांवर बसते आणि तिचा तळ हौद्याला टेकत नाही. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. तळ टेकला तर भार तळावर जातो, उतारांवर सैलपणा राहतो आणि कॉईलला आत डुलायला जागा मिळते. पाळण्याखाली रबरी मॅट घातली, कारण कॉईल पाळण्यात घट्ट बसली तरी तेलकट पत्र्यावर पाळण्यासकट सगळेच पुढे सरकू शकते. अडसर उंच केल्यावर हा पुढचा दुबळा दुवा उघडा पडतो आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुसरा बदल साखळ्यांचा. पट्टे काढून ८० ग्रेडच्या १० मिलिमीटर साखळ्या घेतल्या. अशा साखळीची बांधणीची क्षमता सुमारे ६.३ टन असते. पुढच्या धक्क्यासाठी डोळ्यातून जाऊन मागे ओढणाऱ्या दोन आणि मागच्या धक्क्यासाठी पुढे ओढणारी एक, अशा त्या लावल्या जातात. बोरघाटाच्या चढावर गाडी अडखळून पुन्हा निघते तेव्हा मागच्या दिशेचा धक्का बसतो, आणि घाटात मागे लहान गाड्यांची रांग असते, म्हणून मागच्या दिशेच्या साखळीला सूट दिलेली नाही. डोळ्याच्या कडेवर लोखंडी कोपरे लावले, त्यामुळे साखळीने पत्र्याची आतली वेटोळी दबत नाहीत. कारखान्याची पहिली तक्रार नेमकी याच वेटोळ्यांबद्दल होती आणि कोपरे आल्यावर ती थांबली.

साखळीची ताकद ती जिथे अडकवली आहे त्या कड्याच्या ताकदीपेक्षा जास्त धरता येत नाही. ताडपत्रीच्या कड्यांत १० मिलिमीटरची साखळी अडकवणे म्हणजे सगळा खर्च वाया घालवणे. म्हणून चासीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याच्या, आडव्या तुळयांना जोडलेली जाड कडी प्रत्येक गाडीत बसवून घेतली. या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक गाडीचा हौदा वेगळ्या हातांनी बांधलेला होता आणि तुळया वेगवेगळ्या जागी होत्या.

तिसरा बदल क्रमाचा. आता कागद आधी होतात आणि गाडी नंतर भरली जाते, त्यामुळे बांधणीच्या वेळी चालक हौद्यापाशी असतो. ताडपत्री अंथरण्याआधी पाळणा, साखळ्या आणि कडी यांची चार छायाचित्रे घेऊन ती वाहतूकदाराकडे जातात, आणि तेथून होकार आल्याशिवाय गाडी हलत नाही. बांधणी मान्य नसेल तर माल नाकारण्याचा अधिकार चालकाला लेखी दिलेला आहे, आणि असा नकार दिल्याबद्दल त्याचा त्या दिवसाचा भत्ता कापला जात नाही. या एका ओळीवर वाहतूकदाराशी सर्वांत जास्त चर्चा झाली. ती ओळ नसती तर बाकीचे बदल कागदावर राहिले असते, असे माझे ठाम मत आहे.

घाट सुरू होण्याआधी एका ठरलेल्या सुरक्षित थांब्यावर चालक साखळ्या पुन्हा ताणतो. अमेरिकेच्या नियमांत पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत पहिली फेरतपासणी सांगितली आहे. येथे अंतरापेक्षा घाटाचा पायथा हा निकष जास्त उपयोगाचा आहे, कारण कळंबोलीहून निघालेली गाडी ८० किलोमीटर पुरे होण्याआधीच घाट चढून गेलेली असते.

माथाडी टोळीला या सगळ्याचे प्रात्यक्षिक दिले तेव्हा मुकादमांनी स्वतः एक सुधारणा सुचवली. पाळण्याचे उतार कॉईलच्या व्यासाप्रमाणे जवळ-दूर करता आले पाहिजेत, नाहीतर लहान कॉईल खाली टेकते आणि मोठी फार उंच बसते, असे ते म्हणाले. त्यानुसार चौकटीला तीन ठिकाणी खिळ्यांची छिद्रे पाडली आणि कोणत्या व्यासाला कोणते छिद्र हे चौकटीवरच रंगाने लिहिले.

दोन गोष्टी अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. चाकणच्या कारखान्यात माल उतरवताना क्रेनचा हुक डोळ्यात जाऊन भार घेण्याआधीच साखळ्या सोडल्या जातात, कारण साखळी आणि हुक दोघांनाही एकाच डोळ्यातून जायचे असते. फरशीला थोडा उतार असला तरी त्या मधल्या काही मिनिटांत कॉईल केवळ पाळण्यावर उभी असते आणि खाली माणसे वावरत असतात. साखळ्या सोडताना हौद्याभोवतीची जागा मोकळी ठेवण्याचे कारखान्याने मान्य केले आहे. उतरवण्याची जागा सपाट करून देण्याचे काम बाकी आहे. दुसरी अडचण बाजारातून भाड्याने घेतलेल्या गाड्यांची आहे. महिनाअखेरीस माल वाढतो, स्वतःच्या गाड्या पुरत नाहीत आणि आलेल्या गाडीत चासीला जोडलेली कडी नसतात. सध्या अशा गाडीला कॉईल दिली जात नाही. तिला सळ्या किंवा चौकटीत बांधलेले पत्र्यांचे गठ्ठे दिले जातात आणि कॉईल एक दिवस थांबते. कारखान्याच्या खरेदी विभागाने हा एक दिवस वेळापत्रकात धरण्यास गेल्या तिमाहीत संमती दिली, आणि भाड्याच्या गाड्यांच्या मालकांपैकी काहींनी स्वतःहून कडी बसवून घ्यायला सुरुवात केली आहे.